चुलीपुढचं आणि चावडीवरचं

नातीचे दहावीचे मार्क मी गावच्या ग्रुपवर टाकले आणि पाचच मिनिटांत नामदेवतात्यांची मोपेड दारात फटफटली. तात्या ग्रुपचे ॲडमिन. कारखान्यात ऊसकाट्यावर हयात गेलेली, त्यामुळं नजर बारीक.

"गुरुजी, नातीला इचारलं व्हतं?"

"तिला काय विचारायचं? ब्याण्णव टक्के आहेत!"

"मार्क तिचे हायेत का तुमचे? ही चुलीपुढची गोष्ट. चावडीवर का आणली?"

आतून नात म्हणाली, "थँक्यू, तात्या." उभा जन्म मास्तरकीत गेला आणि म्हातारपणी माझीच शिकवणी झाली.

तात्यांच्या लेखी गोष्टी दोनच प्रकारच्या. उजनीचं पाणी, ऊसतोड, लाईट कधी येणार, हे चावडीवरचं. दवाखाना, सोयरीक, घरातलं भांडण, हे चुलीपुढचं. भिगवणच्या मोबाईलवाल्यानं त्यांना एकदा प्रायव्हसी सेटिंग समजावून सांगितलं. तात्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हंजी कोण बघतंय ते मशिनला कळतंय. पर कुणी बघाया नको, ते कसं कळणार?"

मध्यंतरी एका घरी मुलगी बघायला पाहुणे आले. चुलत्यानं हौसेनं पोह्यांच्या ट्रेसकट पोरीचा फोटो ग्रुपवर टाकला. दुसऱ्या दिवशी नकार आला. तात्यांनी फोटो ग्रुपवरून काढून टाकला, पण तोवर तो कितीतरी मोबाईलांत उतरला होता. मग दोन दिवस भर उन्हात हा माणूस दारोदार फिरला. "मोबाईल काढा. पुसा. माझ्यासमोर पुसा." लोक हसले, चिडले, पण पुसलं. मला तरी तेव्हा तात्यांपुढं हात जोडावेसे वाटले.

"एवढं कशासाठी, तात्या?" मी विचारलं.

ते म्हणाले, "लेकीला दिवस गेलं, तवा तिनं पयलं मला सांगितलं. तिसरा म्हैना सरंस्तवर कुणाला बोलू नका म्हणली. मला आनंद मावंना. टाकलं गावच्या ग्रुपवर. धा दिसांनी पोट पडलं. मग सारं गाव तिला फोन करून समजावत बसलं."

बाप-लेकीचा दोघांचाच एक ग्रुप होता, नाव 'चूल'. गावाचे फोन सुरू झाले त्याच दिवशी लेक त्यातून बाहेर पडली. तात्या अजूनही रोज दुपारी तिथं लिहितात, "जेवलो." वाचायला कुणी नाही.

"हे लिहू का कुठं?"

"माझं ल्हिवा. तिचं तिला इचारून."

मी बारामतीला तिला फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"रोज ल्हित्यात?"

"रोज."

मग म्हणाली, "ल्हिवा, गुरुजी. आन् आमच्या आबांना सांगा, मला परत घ्या ग्रुपात."

मी तसाच तात्यांकडं गेलो आणि निरोप सांगितला. त्यांनी 'चूल'मध्ये तिचं नाव जोडलं. थोड्या वेळानं मोबाईल वाजला. तात्यांचे डोळे भरले. मी वाचायला मान पुढं केली.

तात्यांनी मोबाईल छातीशी धरला. "तुमी घरी जावा, गुरुजी. चुलीपुढचं हाय."