तिसऱ्या खेपेच्या ओळीची हकीकत

श्रीनाद समर्थ. शके १९३३, खरनाम संवत्सर, चैत्रमासी राज्यात जे वर्तमान घडले ते ऐकिल्याप्रमाणे लिहिले आहे, पदरचे काही घातले नाही.

राज्याच्या नगारखान्यात दर शुक्रवारी सायंकाळी एकच तबकडी वाजे. परमुलखीच्या चौघा गवयांनी विजेच्या गिटारी आणि ड्रम घेऊन ती भरिली, त्यास चाळीस वर्षे होत आली. नव्या तबकड्या आल्या, वाजल्या आणि गेल्या, ही मात्र, नगारखान्यात वाजे तशीच उतरवून घेतलेली, वरातीत, कॉलेजात, न्हाव्याच्या दुकानी चालूच राहिली, आणि ज्यांचे आईबाप ती ऐकता ऐकता एकमेकांस पसंत पडले ती पोरेही तीच लावू लागली. तिसऱ्या गाण्यात तबकडीस ओरखडा होता, तेथे सुई अडे आणि ओळ फिरफिरून वाजे. मग नगारखान्याचे दरोगा बाजीबा खराडे ती तीनदा वाजू देत आणि बोटाने सुई पुढे सरकवीत. म्हणोन सारी रयत ओळ तीनदा गाई आणि गाणे तसेच रचिले आहे ऐसे समजे.

मग दीवान रायाजीपंतांनी कोरी तबकडी आणविली, जुनी मोडीत काढिली, आणि बाजीबांस सांगितले की आता सुई सरकवायास माणूस नको, तुम्ही घरी बसावे. बाजीबांस दुसरे काम ठाऊक नव्हते. त्यांनी फडके घेऊन कोरी तबकडी पुसोन दिली. शुक्रवारी ओळ एकदाच आली. चौकातील रयत उरलेल्या दोन खेपा गात राहिली आणि गाणे पुढे निघून गेले. मग बोभाटा जाहला. तांबट आळीच्या चिमाबाई दीवानांच्या दारी येऊन म्हणाल्या, "आमच्या लग्नात तीनदा होती. दरबाराने दोन खाल्ल्या की काय?"

निवाड्यास मूळ गवई हॅलमसाहेबांस बोलाविले, चौघांत गाते तेवढेच उरले होते. दीवानांनी भर चौकात पुसिले, ओळ किती वेळा? साहेब म्हणाले, "एकदा." खांबाआड बाजीबांनी नगारखान्याची किल्ली कमरेची सोडिली. तोच चौकाने गाणे धरिले आणि ओळ तीनदा गाइली. साहेब ऐकत राहिले, मग म्हणाले, "आम्ही तेव्हा घाईत होतो. तीनदाच हवी होती."

दीवानांचा निरुपाय जाहला. कोऱ्या तबकडीस ओरखडा काढावा ऐसा हुकूम केला आणि बाजीबांच्या हाती खिळा दिला. ज्या हाताने कधी धूळ बसू दिली नाही त्यास ते होईना. ते म्हणाले, "तबकडी आपली आहे साहेब, आपणच काढावा." साहेबांनी चष्म्यावाचून काढिला, तो एक ओळ पुढे पडला. शुक्रवारी भलतीच ओळ अडली. बाजीबांनी ती तीनदा वाजू दिली आणि बोट लाविले. चौकाने क्षणभर कान दिला, आणि मग ऐसे गाऊ लागला की जणू पहिल्यापासून हीच.

तात्पर्य, तबकडी अद्याप सर्वांहून अधिक खपते आणि बाजीबा नोकरीवर आहेत. पुढे गुडघे दुखतात म्हणोन त्यांनी स्वतःच घरी बसण्याची परवानगी मागितली. दीवानांनी दिली, रयतेने दिली नाही.