विरोध नोंदवून घ्या

चिमाजीराव सोसायटीच्या कमिटीत शिरले ते केवळ स्कूटरला सावलीतलं पार्किंग मिळावं म्हणून. जुन्नरसारख्या गावात बारा फ्लॅटच्या सोसायटीला कमिटीत यायला माणसं मिळत नाहीत, त्यामुळे निवडून यायला त्रास पडला नाही. त्रास कमिटीत येताना द्यायच्या हमीपत्रानं दिला.

बत्तीस वर्षं कारकुनी केलेल्या या माणसानं आयुष्यात पहिल्यांदा न वाचता सही केली आणि मग वाचलं. कमिटीच्या निर्णयानं नुकसान झालं, तर कमिटीतला प्रत्येक सभासद स्वतः जबाबदार! चिमाजीरावांना घाम फुटला. नोकरीत कधी साधा ठपका आला नव्हता, आणि आता म्हातारपणी फ्लॅट जायची वेळ.

"काका, ज्यानं विरोध नोंदवलाय त्याच्यावर जबाबदारी सहसा येत नाही," सेक्रेटरी आरती सहज म्हणाली.

झालं. टाकी धुण्याला विरोध. गेटच्या बल्बला विरोध. एका दिवंगत सभासदाच्या श्रद्धांजलीलाही त्यांनी लेखी विरोध केला. (उद्या माणूस जिवंत निघाला तर?)

गच्चीवर कोणी घसरलं तर काय, म्हणून त्यांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात नोटीस लावली: गच्चीवर वाळवण घालू नये. पहिला फटका त्यांच्याच घरात बसला. त्यांच्या बायकोनं, साळुबाईंनी, लेकीच्या, श्रेयाच्या सासरी पाठवायच्या कुरडया उचलून मागच्या अंगणात घातल्या.

त्या अंगणावरचा छज्जा खिळखिळा झाला होता. दुरुस्तीचा ठराव आला, चिमाजीरावांनी विरोध नोंदवला, तरी तो मंजूर झाला. जानकू गवंडी थापी घेऊन हजर झाला, तर चिमाजीरावांनी त्याच्यापुढे स्वतः लिहिलेलं नवं हमीपत्र धरलं.

"काम करताना काही पडलं तर तू जबाबदार. कर सही."

"भाऊ, आमी थापी मारतो, सह्या न्हाई मारत," म्हणत जानकू गेला तो परत आलाच नाही.

चौथ्या दिवशी छज्ज्याचा हा एवढा ढलपा खाली आला. माणूस कोणी नव्हतं, पण कुरडयांचा भुगा झाला.

साळुबाईंनी कमिटीकडे लेखी अर्ज दिला. नवऱ्याशी त्या चार दिवस बोलल्या नव्हत्या, अर्जात मात्र दोन पानं बोलल्या होत्या. चेअरमन हनीफभाईंनी तो वाचला आणि आरतीला मिनिटबुक उघडायला सांगितलं.

"गच्ची बंद कोणी केली?"

"चिमाजीकाकांनी."

"दुरुस्तीला विरोध?"

"एकट्या काकांचा. लेखी."

"अन् गवंडी?"

"काकांनी हमीपत्र पुढे धरलं, तो पळाला."

"वहिनी, भरपाई किती लावू?" हनीफभाईंनी विचारलं.

"पैसं नकोत. श्रेयाच्या सासूला शब्द दिलाय. कुरडया पायजेत, अन् ज्यानं मोडल्या त्यानंच करायच्या."

ठराव मंजूर झाला: चिमाजीरावांनी कुरडया वैयक्तिकरीत्या करून द्याव्यात.

"माझा विरोध नोंदवून घ्या," चिमाजीराव ठामपणे म्हणाले. आरतीनं तो नोंदवून घेतला.

तीन दिवस गहू भिजले. ते दळून गाळायचं कामही त्यांनीच केलं. चौथ्या सकाळी सगळ्या सोसायटीदेखत, त्याच गच्चीवर, चिमाजीराव गरम चिकानं भरलेला सोऱ्या घेऊन उकिडवे बसले. हात भाजत होते, कुरडई भलतीकडेच चालली होती.

"हा सोऱ्या नीट नाही. अन् ऊनही फार झालंय," ते म्हणाले.

"बरं. इरोध नोंदवला," साळुबाई म्हणाल्या. "दाबा."