मिनूची गोधडी, लवूचं चित्र

मिनूची वाळत घातलेली गोधडी दोरीवरून गेली, तेव्हापासून घाटकोपरच्या त्या बिऱ्हाडात कोणाला धड झोप नव्हती. वर्षभराच्या मिनूला तीच लागे. तिचा कोपरा मुठीत धरल्याशिवाय पोरीचा डोळा लागत नसे. जेवायला आलेल्या मामानेच ती नेली, हे शेजारणीकडून कळलं आणि नलिनी मुलीला काखोटीला मारून थेट साकीनाक्याला निघाली.

लवू तिचा धाकटा भाऊ. कणकवलीहून आल्यावर आधी त्याने दुकानांच्या पाट्या रंगवल्या. आता लेथच्या कारखान्याशेजारी गाळा घेऊन तो चित्रं करायचा, आणि ती विकलीही जायची. नलिनीला ते अजून खरं वाटत नव्हतं.

गोधडी समोरच होती. मोठ्या प्लायवूडवर सरसाने चिकटवलेली, वरून निळा रंग फासलेला.

"हे काय केलंस?"

"जुनी दिसली म्हणान नेलंय गे ताई." घाबरला की लवू मालवणीत येई. मग सावरून म्हणाला, "चित्र आहे ते. 'स्थलांतर'. गावाहून इथवर..."

"दोरीवरून भिंतीवर. झालं ना स्थलांतर? काढ आता."

"सरस वाळलाय, नाही निघणार. आणि चेंबूरच्या बाई येतायत आत्ता, न्यायला."

"सांग त्यांना, गोधडीतली लुगडी माझ्या आईची आहेत."

"माझी पण आईच ना ती?"

"म्हणून माझ्या पोरीच्या अंगाखालून काढून विकतोस, मेल्या?"

नलिनीने कोपरा उचकटून पाहिला. नख तुटलं. मग तिने ती फळीच भिंतीवरून उतरवली, जमिनीवर आडवी टाकली आणि मिनूला वर ठेवलं.

"थोपट. झोपेपर्यंत उठायचं नाही."

"अगं, बाई येतील."

"आडवा हो म्हटलं ना."

लवू आडवा झाला. एक हात मिनूच्या पाठीवर, गाल आईच्या हिरव्या लुगड्याच्या तुकड्यावर. तेवढा रंगवायचा राहिला होता. नलिनी स्टुलावर बसून बोलतच होती. "गावाला एक पत्र नाही. गालफडं बघ कशी बसलीत. रात्र रात्र जागतोस आणि दिवसा दुसऱ्यांच्या गोधड्या चोरतोस. ऐकतोयस का?"

शेजारी लेथ किंचाळत होतं आणि लवू गोधडीचा कोपरा मुठीत धरून घोरत होता. मिनू टक्क जागी, त्याच्या पोटावर बसून दाढी उपटत होती.

नलिनीने त्याचा कान धरायला हात पुढे केला, तेवढ्यात दारात चेंबूरच्या बाई आल्या. "लवू, चित्र—"

"हळू," नलिनीने दटावलं. "आत्ताच डोळा लागलाय."

बाईंनी मिनूकडे पाहिलं. "बाळ तर जागं आहे."

"तिचा नाही. आमच्या धाकट्याचा." नलिनीचा राग तसाच होता, लवूच्या कपाळावरचा निळा डाग ती पदराने पुसत होती, तो मात्र अगदी हलक्या हाताने. "आणि चपला बाहेर काढा. टाचा वाजतात."