बैलाच्या छापाचा कागद भिंतीवरून उतरविला त्याची हकीकत

श्री. द्राक्षवेलीस नमस्कार, तिच्या मांडवास नमस्कार, आणि ओला कागद न फाडतां उचलणाऱ्या हातांस दोनदां नमस्कार. शके एकोणीसशें चाळीस, विलंबीनाम संवत्सर, कार्तिक मास. ते समयीं अमुक एका राज्यांत आवडाबाईसाहेब राज्य करीत होत्या. राज्याचें नांव लिहूं नये ऐसा हुकूम आहे, आणि हुकूम मोडावयाचें आमचें वय राहिलें नाहीं. राज्य लहान, परंतु द्राक्षाचे मळे उत्तम, आणि मळ्यांतील वाइन घरचीच. बाईसाहेबांचे यजमान कैलासवासी हैबतराव महाराज यांणीं आपले हयातींत एक रीत घातली होती. जी बाटली आनंदाचे प्रसंगीं चार माणसांत बसून रिती होईल, तिजवरील कागद सोडवून दिवाणखान्याचे भिंतीस लावावा, आणि जे जे पंक्तीस होते त्यांणीं शेवटच्या थेंबांत आंगठा बुडवून कागदाचे कडेस उमटवावा. ऐसे कागद लागत लागत भिंत भरली, आणि पाहुणा आला म्हणजे महाराज त्यास भिंतीपुढें उभा करून म्हणत, "हें राजकन्येचें बारसें, हा विहिरीस पाणी लागलें तो दिवस, आणि हा कांहीं नाहीं, उगीच बसलों होतों तो." मग सर्व हंसत. परंतु एक गोष्ट महाराजांस खपत नसे. भरल्या बाटलीचा कागद काढणें म्हणजे जित्या माणसाचे तसबिरीस हार घालणें, ऐसें ते म्हणत, आणि म्हणतांना टेबलावर मूठ आपटीत.

कागद सोडविण्याचें काम बाईसाहेब स्वतां करीत, चाकरास हात लावूं देत नसत. आणि काय तो हात! खळीनें चिकटविलेला कागद असेल तर कोमट पाण्यांत बाटली निजवून ठेवीत, आणि कागद आपण होऊन सुटे तों वाट पाहात. हल्लींचा चिवट डिंक असेल तर बाटलींत कढत पाणी भरीत, कांच तापली म्हणजे सुरीचें पातें कोपऱ्याखालीं सारीत, आणि मग श्वास रोखून तसूतसूनें ओढीत. शेजारचे राज्यांत केस वाळवावयाचे यंत्रानें कागद सोडवितात ऐसें कोणी सांगितलें, तेव्हां बाईसाहेब बोलिल्या, "सोडवोत बापडे. आम्हांस घाई नाहीं." मग कागद धोतराचे फडक्यावर पालथा घालीत आणि वर पाटा ठेवीत. आम्हीं मोठमोठे लढवय्ये पाहिले, परंतु ऐसा धीर कोणांत पाहिला नाहीं, खरें तेंच लिहितों.

आतां मुख्य गोष्ट. महाराजांचे धाकटे बंधु मानाजीराव यांणीं तरुणपणीं मळ्याची पहिली वाइन आपले देखरेखीखालीं करविली होती. उतावळा स्वभाव! द्राक्षें पिकूं दिलीं नाहींत, घड हिरवे असतांच उतरविले, आणि बाटल्यांवर लावावयास कागद मात्र स्वहस्तें रंगविले. कागदावर एक बैल आणि एक घड. बैल कसला, बोकडच तो, परंतु मानाजीराव त्यास बैल म्हणत. ती वाइन पाहुण्यांदेखत उघडली, आणि महाराज थट्टेनें बोलून गेले, "मानाजी, ही वाइन नव्हे रे, लोणच्याचें पाणी!" सभा हंसली. मानाजीराव हंसले नाहींत. ते रात्रीच सामान बांधून दूरदेशीं निघाले. महाराजांस पश्चात्ताप जाहला, मोटारीमागें धावले, आणि मोठ्यानें सांगते जाहले, "एक बाटली ठेवितों! तूं आल्याशिवाय तिचें बूच निघणार नाहीं!" बाकीच्या बाटल्या ओल्या तळघरांत गेल्या, त्यांचे कागद कुजून गेले, आणि रंगविलेला तो एकच उरला. पुढें महाराज निवर्तले. मानाजीराव तेराव्यास आले, चार शब्द बोलिले आणि परत गेले. बूच निघालें नाहीं. बाईसाहेब ती बाटली फडक्यांत गुंडाळून जपत होत्या, आणि दर दिवाळीस दिरास सांगावा धाडीत, "भावजी, या. ती अजून तुमची वाट पाहाते." उत्तर येत नसे.

मग त्या वर्षीं उत्तर आलें, कीं येतों. बाईसाहेबांस इतका हर्ष जाहला कीं त्या स्वतां पुरणाचें पाहूं लागल्या. इकडे दिवाण अंताजीपंत कोठीचे खोलींत गेले, फडकें सोडून बाटली पाहिली, तों बैलाच्या पायाशीं कसर लागलेली. पंत मनुष्य निष्ठावंत, परंतु निष्ठा आवरत नाहीं ऐसा. कागद खाऊन जाईल या धास्तीनें त्यांणीं बाईसाहेबांस न विचारतां बाटली पाण्यांत घातली, कागद सुरेख सोडविला, आणि भिंतीवर अगदीं मधोमध ताजी खळ लावून चिकटविला. बाईसाहेबांस आश्चर्याचा आनंद व्हावा हा हेतु. अहो पंत, सबंध हयात त्या दरबारांत गेली, भिंतीची रीत ठाऊक, आणि हें काय करून बसलां?

इतक्यांत मोटार आली. मानाजीराव उतरले, केस पांढरे, पाऊल जड. दिवाणखान्यांत शिरले, भिंतीकडे पाहिलें, आणि मधोमध आपला बैल पाहून जागींच थांबले. बाईसाहेब ओवाळावयास तबक घेऊन आल्या, तों ते हळूच बोलिले, "वहिनीसाहेब, प्यालात तुम्ही? दादांनीं शब्द दिला होता."

"नाहीं हो भावजी! बाटली भरलेली आहे, आत्ता दाखवितें!"

पंत पुढें होऊन रडकुंडीस येत सर्व अपराध सांगूं लागले. मानाजीराव म्हणाले, "पंत, तुम्ही दिवाण. सरकारची बाजू तुम्ही नाहीं घ्यावयाची तर कोणी?" मग बाटली आणिली. हिरवी, बूच लागलेलें, परंतु अंगावर कांहीं नाहीं. मानाजीराव कडू हंसले. "ऐशा बाटल्या तुमचे तळघरांत शेंकडों. मी जातों. उगाच आलों." आणि ड्रायव्हरास हांक मारिली.

बाईसाहेबांनीं तबक खालीं ठेविलें. मग बोलिल्या, "जा. परंतु तुमचा बैल तुमचे बाटलीवर परत बसवितें, तितकें पाहून जा." आणि कोमट पाणी मागवून भिंतीपुढें उभ्या राहिल्या. ओलें फडकें कागदावर धरिलें, आणि खळ भिजण्याची वाट पाहूं लागल्या. भिंतीवरून कागद उतरविण्याचा प्रसंग त्या राज्यांत कधीं आला नव्हता. फाटला तर दुसरा नाहीं, आणि रंगविणारा दाराशीं उभा! मग एक कोपरा उठला, दुसरा उठला, आणि बैलाचें शेपूट भिंतीसच राहिलें. बाईसाहेब "अगं बाई!" म्हणून थांबल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. मानाजीराव दारांतून आंत आले, आणि कागदाखालीं हात धरिला. बाकीचा कागद दोघांनीं मिळून उतरविला, आणि बाटलीवर बसविला.

"कागद कोणत्याही बाटलीस बसतो, वहिनीसाहेब," ते बोलिले, परंतु आतां आवाजांत राग नव्हता, भीति होती.

"मग उघडा," बाईसाहेब म्हणाल्या.

बूच निघालें. मानाजीरावांनीं घोट घेतला, आणि त्यांचें तोंड ऐसें वांकडें जाहलें, कीं दात आंबले, कान हालले, डोळ्यांस पाणी आलें. मग ते ओरडले, "हीच! अहो हीच! हें पाप दुसऱ्या कोणाचें असूंच शकत नाहीं!" आणि हंसूं लागले, आणि हंसतां हंसतां खुर्चीवर बसून लहान मुलासारखे रडूं लागले. "दादा खरें बोलत होता. लोणच्याचें पाणी! इतक्या गोष्टीवरून मी घर सोडलें." बाईसाहेबांनीं पाठीवर हात ठेविला आणि त्याही रडल्या. परंतु रीत ती रीत, बाटली रिती होणें भाग. तेव्हां सर्वांनीं डोळे मिटून घोट घोट घेतला, आणि अंताजीपंतांस शिक्षा म्हणून दोन पेले दिधले. पंत ते सन्मान समजून प्याले, त्यांची बलिहारी.

मग कागद तिसऱ्यानें सुटून भिंतीस लागला. बाईसाहेबांनीं आंगठा उमटविला, पंतांनीं व इतरांनीं उमटविला. मानाजीरावांनीं उमटविला, आणि मग पुन्हां थेंबांत बुडवून शेजारीं आणखी एक उमटविला. हा कोणाचा, ऐसें कोणी विचारिलें नाहीं. दाराशीं ड्रायव्हर उभाच होता. मानाजीराव त्याजकडे वळून म्हणाले, "सामान काढा." आणि मग संकोचून, "वहिनीसाहेब, सकाळीं चहा किती वाजतां असतो?"

येणेंप्रमाणें जाहलें तें लिहिलें. वाइन वाईट होती, चित्र त्याहून वाईट, तरी त्या भिंतीवर त्या कागदास तोड नाहीं. बाईसाहेबांसारखे हात आमचे नाहींत म्हणून लिहिणेंच आमचे वांट्यास आलें. इति.