मोडांनी भांडण सोडलं

लाखेवाडीच्या शेंगदाणा संशोधन केंद्रातल्या मोडांनी बुरशीशी भांडणं सोडून दिलं, आणि तसं डॉ. वैजयंता खरमाटेंना तोंडावर सांगितलं.

केंद्राची पद्धत साधी होती. दाणे भिजवायचे, मोड आले की त्यांच्यावर बुरशी सोडायची. मोड चवताळायचे आणि जीव वाचवायला अंगात कडू द्रव्य तयार करायचे. ते माणसांना गुणकारी, म्हणून लगेच मोडांचा अर्क काढायचा आणि बुरशीला उकळत्या पाण्यात टाकायचं.

"भांडायचं आम्ही, मरायचं दोघांनी, आणि गुण तुम्हाला?" मोड म्हणाले. "आता जमणार नाही, बाई."

बुरशीनेही दुजोरा दिला.

यात त्यांचं चुकलं काय, हे वैजयंताला कळेना. पण कडूपणा आला नाही तर विभागाला कुलूप लागणार होतं, आणि हा विभाग तिने रक्ताचं पाणी करून उभा केला होता. तिने काड्या घालून पाहिल्या.

"बुरशी तुम्हाला खवट म्हणते," ती मोडांना म्हणाली.

"म्हणू दे. घरचीच आहे."

शेवटी संचालक मिरीकर साहेब आले. त्यांनी कडूपणा मोजायचं यंत्र लावलं. कडूपणा शून्य.

"फेका हे सगळं. विभाग आजपासून बंद," म्हणत त्यांनी मोडांच्या ट्रेला हात घातला. वैजयंता आडवी आली. इतकी वर्षं मान खाली घालून ऐकल्याचा तिला भयंकर संताप आला.

"हात लावून तर बघा, साहेब! ट्रेही हलणार नाही आणि मीही!"

तिचा हात यंत्रावर होता. काटा सरसर वर चढला.

साहेबांनी चष्मा पुसून आकडा पाहिला. "उत्तम प्रत आहे," ते म्हणाले. "खरमाटे, तुम्ही ट्रेमध्ये बसा."

"बसते. पण बुरशीला सुट्टी द्यायची. आणि अर्क काढण्याआधी मला विचारायचं."

"रीतसर आहे. मान्य."

मोडांनी सरकून तिला जागा दिली. विभागाचं कुलूप टळलं, आणि बुरशीच्या रिकाम्या जागेवर खुद्द साहेबांची नेमणूक झाली. ते रोज सकाळी येतात, तिच्या अंगावर ओरडतात, काटा चढलेला पाहून खूश होतात आणि अदबीने विचारतात, "आज अर्क काढू का?"

"नाही," वैजयंता म्हणते.

काटा आणखी वर जातो.