करसवलतीसाठी मुलांची वाटणी

करसवलत हा विषय माझ्याइतका कळणारा माणूस मस्कतच्या अल् घुब्रा भागात दुसरा नसेल! इथे पगारावर करच नाही, त्यामुळे स्पर्धाही फारशी नाही. पण चिंचवडला माझ्या आणि विशाखाच्या नावावर एक फ्लॅट आहे आणि त्याच्या भाड्यावर भारतात कर भरावा लागतो. एवढ्या भांडवलावर मी वर्षातून एकदा करतज्ज्ञ होतो.

यंदा मला शोध लागला की मुलांच्या शाळेच्या फीवर सवलत मिळते आणि ती आईला वेगळी, बापाला वेगळी घेता येते. इतकी वर्षं आपण ही सवलत सोडून दिली, या विचाराने मला घास गिळवेना. गुरुवारी जेवतानाच मी विशाखापुढे योजना मांडली. नववीतला अजिंक्य आणि चौथीतली पूर्वा समोरच बसली होती, पण दोघांच्या कानांत इअरफोनची बोंडं होती. आमची मुलं आपसांत इंग्रजीच बोलतात. घरातल्या मराठीकडे ती फारसं लक्ष देत नाहीत, अशी आमची समजूत होती.

“अजिंक्य माझ्याकडे, पूर्वा तुझ्याकडे,” मी म्हणालो.

“मोठा तू का घेणार?” विशाखा म्हणाली.

मोठ्याची फी जास्त, म्हणजे सवलत जास्त, हे तिच्या लगेच लक्षात आलं होतं. बराच वेळ घासाघीस झाली. शेवटी, फ्लॅट दोघांचा आहे तशी मुलंही वाटून घेऊ, इतकी वर्षं सगळं एकत्र ठेवून आपलं नुकसानच झालं, असं मी तिला समजावलं आणि तिला ते पटलं. असं एकमत आमच्यात लग्न ठरताना झालं होतं, त्यानंतर हेच!

शुक्रवारी सकाळी अजिंक्यने मला विचारलं, “बाबा, तू मस्कतमध्येच असणार ना?” मला वाटलं, पोरगा सुट्टीबद्दल विचारतोय. मी म्हणालो, मी कुठे जातो, आई आणि पूर्वा आधी जातील, तिकिटंही बघितली आहेत. तो “ओके” म्हणाला आणि आत गेला. थोड्या वेळाने पूर्वा बाथरूममध्ये रडत असल्याचं विशाखाने सांगितलं. गणिताची परीक्षा जवळ आली होती, म्हणून आम्ही दोघांनीही ते मनावर घेतलं नाही.

दुपारी शेजारचे शरीफभाई आले. हे मूळचे दापोलीकडचे, हमरियाला भांड्यांचं दुकान. सोबत शकीलाभाभी आणि ताटभर सांदणं. भाभींनी विशाखाचा हात धरून तिला आत नेलं आणि शरीफभाईंनी मला बाल्कनीत.

“भाई, आमची आफरीन सगळं बोलली. पूर्वानं रडून तिला सांगितलं,” ते हळूच म्हणाले. “खटके माझ्या घरात पण उडतात. पण पोरं कोणी वाटून घेतं काय?”

मला वाटलं, यांना करचुकवेगिरीची शंका आलीय. मी त्यांना धीर दिला. “सगळं कायद्यात बसतं, शरीफभाई. दोघांनी एकेक घेतलं की दोघांचा फायदा.”

“फायदा?” शरीफभाई खुर्चीत बसले. “खलास.”

तुम्हीही करून बघा, असं मी त्यांना सुचवणार होतो, तेवढ्यात माझा फोन वाजला. विशाखाचा भाऊ क्षितिज चिंचवडहून बोलत होता. तो तिथे लोकांची कराची कामं करतो. पूर्वाने मामालाही सगळं कळवलं होतं आणि माझ्या सासूबाई बॅग भरून बसल्या होत्या. कोण कुणाला सोडतंय, असं त्याने विचारलं तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला!

मी त्याला करसवलतीची सगळी योजना सांगितली. स्पीकर चालू होता, त्यामुळे शरीफभाईंचा चेहराही हळूहळू निवळला.

“दाजी,” क्षितिज म्हणाला, “त्या सवलतीसाठी शाळा भारतात लागते.”

मी म्हणालो, शाळा भारतीयच आहे, अभ्यासक्रम तिकडचा आहे, सकाळी राष्ट्रगीत होतं. त्याने विचारलं, शाळा आहे कुठे? मी म्हणालो, घुब्र्याला. मग त्याने आईला बॅग उपसायला सांगतो म्हणून फोन ठेवला.

मी मुलांना बाहेर बोलावलं. आई-बाबा वेगळे होत नाहीत, कोणी कुठे जात नाही, असं विशाखाने सांगितलं. शकीलाभाभींनी डोळे पुसले. पूर्वाचे हुंदके मात्र थांबेनात. मलाही भरून आलं. मी तिला मांडीवर घेतलं आणि म्हणालो, “आता कशाला रडतेस, बाळा? बाबा आहे ना तुझ्याजवळ.”

ती जास्तच रडायला लागली.

मी अजिंक्यकडे पाहिलं. तो छताकडे बघत होता.

“तुम्ही आम्हाला विचारलंच नव्हतं,” तो म्हणाला. “दॅट्स नॉट फेअर. दोघांनाही आईच पाहिजे होती. सो वी टॉस्ड.”

“मी हरले,” पूर्वा म्हणाली.