छत्रीच्या काड्यांची अँटेना

मंगळुरूचे निवृत्त मुख्याध्यापक वादिराज बल्लाळ यांना हॅम रेडिओचा, म्हणजे घरून बिनतारी गप्पा मारण्याच्या छंदाचा, परवाना मिळाला आणि घरावर स्वस्तातली अँटेना कोणती लावावी, हा प्रश्न रीतसर उपस्थित झाला. घाई होती. बल्लाळांची साठीशांत तोंडावर आली होती. मडिकेरीच्या डोंगरातला त्यांचा बालमित्र कुशालप्पा हाही हॅम, म्हणजे असाच परवानाधारक हौशी, म्हणून त्याला आमंत्रण रेडिओवरूनच जाणार होतं. हॅमने हॅमला फोन करायचा म्हणजे आचाऱ्याने खानावळीतून डबा मागवायचा!

गावच्या हॅम क्लबचे सचिव पीटर लोबो यांनी तातडीने अँटेना निवड उपसमिती नेमली. परदेशी पांढरा दांडा, ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा सांगाडा आणि पाइपात घातलेली तांब्याची तार, सगळं आळीपाळीने गच्चीवर चढलं. सकाळी सगळे हॅम रेडिओवर जमत आणि आवाज कसा येतोय त्याचे गुण देत. तिन्ही अँटेनांना एकमुखाने ‘फाइव्ह नाइन’ मिळाले, म्हणजे पैकीच्या पैकी. अहवालात नमूद झालं, ‘तिन्ही समान उत्कृष्ट असल्याने याहून स्वस्त शोधण्यास हरकत नसावी.’

बल्लाळांनी माळ्यावरची मोडकी छत्री अँटेनेसाठी उसवली.

"अहो, ती माझ्या बाबांची आठवण आहे!" त्यांच्या पत्नी सुमतीबाई कडाडल्या.

"बाबांचं नाव आता आकाशात जाईल."

"बाबा केव्हाच पोचलेत तिथं!"

छत्रीच्या काड्यांनाही फाइव्ह नाइन मिळाले. मग एका वादळात ती अँटेना तारेसकट शेजारच्या विहिरीत पडली, हे बल्लाळांना गप्पा संपल्यावर कळलं. त्या सकाळचे गुणही फाइव्ह नाइनच होते.

"बल्लाळ सर, विहिरीतून हा आवाज! आता वर काढायचीच कशाला?" लोबो भारावून म्हणाले. उपसमितीने ‘जलस्थित अँटेना’ असा स्वतंत्र प्रवर्ग मंजूर केला.

तेव्हापासून बल्लाळांना नुसती खरखर ऐकू येई. ते रोज आमंत्रण देत, खरखरीतून कुशालप्पाचं "फाइव्ह नाइन" तेवढं उमटे, बल्लाळही उलट "फाइव्ह नाइन" म्हणत आणि समाधानाने चहाला उठत.

साठीशांतीला पहिल्या पंगतीत कुशालप्पाचं केळीचं पान मांडलं होतं. ते तसंच राहिलं. शेवटी लाज गिळून त्यांनी फोन केला.

"कुश्या, आला नाहीस रे."

"कुठं?"

"माझ्या साठीला! रोज बोलावत होतो, फाइव्ह नाइन म्हणायचास ना?"

"अरे वादी, फाइव्ह नाइन सोडलं तर तुझं एक अक्षर कळत नव्हतं. पण स्वतःच्या हातानं अँटेना केलीस, तुझं मन कसं मोडायचं?"

"शरम नाही वाटली, खोटं बोलायला?"

"आणि मी रोज काय सांगत होतो? पाय मोडून पडलोय, घरात एकटा आहे, एकदा येऊन जा."

"मग... मी काय म्हणालो?"

"फाइव्ह नाइन म्हणालास."

ही हकिकत तुम्ही इथवर वाचलीत, निदान चाळलीत. उद्या लेखकाने भेटून "कशी वाटली?" असं विचारलं, तर तुम्ही काय म्हणणार, ते आम्हांला आत्ताच अगदी स्वच्छ ऐकू येतंय.